चौथी संपतच नव्हती

२६ मे

बारके,

‘प्रिय’ मुद्दाम लिहिलेलं नाही. शोधत बसू नकोस.

फोन करत नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, आणि या दोन्हींत बोलायचं ते राहूनच जातं. कागदावर निदान तुला मध्येच हुंदका घालता येणार नाही. उत्तराची वाट बघत नाहीये. हे पत्र फक्त एवढंच कळवायला, की तुझ्यावाचून इथे काही अडलेलं नाही.

मार्चअखेर तू पहाटे चपला हातात घेऊन निघालीस, तेव्हा मी जागी होते. तुला वाटलं असेल झोपले आहे. आपली टिटवी मात्र खरंच झोपली होती. मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी, एक्स-रे विभागात वरची जागा, स्वतंत्र खोली. मी कधी नको म्हटलं का? उलट तुझ्या बॅगेची तुटलेली चेन मीच बदलून दिली. पण ज्या पोरीला जन्मापासून अंगाखांद्यावर खेळवलंस, बालवाडीपासून रोज शाळेत नेलंस आणि आणलंस, तिला जाग येण्याआधी निघून जायचं? तेही वर्ष बदलायच्या तोंडावर? तुला माहीत होतं की तिला साधी उशी बदललेली चालत नाही.

असो. नमनालाच घडाभर तेल झालं.

चौथीचा शेवटचा दिवस अगदी सुरळीत पार पडला. मला दुकानातून निघता येत नव्हतं, म्हणून तुझे भाऊजी पावाची व्हॅन घेऊन गेले आणि घंटा व्हायच्या आधीच तिला गेटवरून घेऊन आले. ना गर्दी, ना गोंधळ. तू मात्र दरवर्षी शेवटच्या दिवशी उशीर करायचीस. गल्लीतली झाडून सगळी पोरं जेवून खेळायला लागायची तरी तुमचा दोघींचा पत्ता नसायचा. आम्ही बघ, दुपारच्या आत घरी.

आता पाचवी. वर्ग वरच्या मजल्यावर, सर नवे, बाक नवा. विशेष शिक्षिका म्हणाल्या, सुट्टीत तालीम द्या, म्हणजे शाळा उघडेल तेव्हा तिला काही नवं वाटणार नाही. मी काम अर्धवट करणारी नाही हे तुला माहीत आहेच. शिपायाला विनवून वर्ग उघडायला लावला. आम्ही दोघी जिना चढतो, तिसऱ्या बाकावर बसतो, दप्तर खाली, डबा उजवीकडे, पाण्याची बाटली डावीकडे. पुन्हा उतरतो, पुन्हा चढतो. शिपाई म्हणतो, “बाई, एवढ्यात मी पाचवी पास झालो असतो.” गेट, जिना, वर्ग, बाक, सगळ्यांचे फोटो ओळीने फ्रिजवर लावलेत. नव्या गणवेशाच्या कॉलरचं लेबल उसवून काढलं आणि कापड इतकं धुतलं की आता ते टोचायचं विसरून गेलंय.

कसली म्हणून कसर ठेवलेली नाही. आता कळलं ना, तुझ्याशिवाय जमतं ते?

तुझी कॉट हलवून तिथे माझं शिवणाचं मशीन ठेवणार आहे. माप घेऊन झालंय. उचलायला माणूस मिळाला नाही म्हणून ती अजून तिथेच आहे, एवढंच.

मोठी

१० जून

बारके,

शाळा सुरू झाली. पहिला दिवस छान गेला. जिना चढली, वर्गात बसली, डबा संपवला. सर उंच आहेत आणि शांत आहेत. बाकी सविस्तर नंतर लिहीन.

अक्षर वाकडं आलंय कारण बोटाला पट्टी आहे. मशीनची सुई लागली.

मोठी

१४ जून

बारके,

सुई लागली नव्हती. दात लागले होते, तुझ्या लाडकीचे.

ऐकून घे. गेट उघडलं, मी तिचा हात धरून जिन्याकडे निघाले. तिने हात सोडवून घेतला आणि सरळ खालच्या मजल्यावर, चौथीच्या वर्गात. खिडकीजवळच्या तिच्या जुन्या बाकापाशी. तिथे आता एक नवा पोरगा बसतो, वरचा सुळा पडलेला, त्या फटीतून शीळ घालणारा. हिने बाकावर हात ठेवला. त्याने तो ढकलला. हिने परत ठेवला. त्याने परत ढकलला आणि बाईंना हाक मारली. मग ही किंचाळली. तुला तिची किंचाळी माहीत आहे, पण तू ती घरात ऐकली आहेस. चाळीस पोरांच्या वर्गात, पत्र्याच्या कपाटांमध्ये ती कशी घुमते ते तू ऐकलेलं नाहीस. निम्मी पोरं कानात बोटं घालून बसली, दोन रडायला लागली. मी तिला मागून उचलायला गेले. दहा वर्षांची मुलगी अशी उचलली जाते होय! तेव्हा चावली.

कसंबसं वर नेलं. पाचवीच्या सरांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ऑटिझम आहे, बोलते कमी, पण बोलली की तो शब्द खरा असतो. आनंद झाला की ‘टिट् टिट्’ करते, म्हणून तिच्या मावशीने टिटवी नाव ठेवलं, तेव्हा तो आवाज आला तर रागवू नका. सर खाली वाकून ऐकत होते. उंच माणसांना ती सवय लागत असावी. म्हणाले, “ताई, दोनेक दिवस तुम्हीच तिच्याशेजारी बसा. स्थिरावेल.”

म्हणून मी आता पाचवीत आहे. गुडघे बाकाखाली मावत नाहीत, शेजारच्या मुली माझ्याकडून पेन्सिलीला टोक करून घेतात आणि अपूर्णांक मला आयुष्यात पहिल्यांदाच नीट कळले. दुपारी दुकानात धावते. मालक म्हणाले, “काय ताई, इतक्या वर्षांनी शाळेत परत बसवलं? नापास झाला होतात काय?” सगळे हसले. मीही हसले आणि मग एका साहेबाची पॅन्ट चार बोटं जास्त आखूड केली.

दोन दिवसांचे पाच झाले. ती काही स्थिरावली नाही. सकाळी गेटमधून आत गेलो की आधी चौथी. तिथून ओढत वर. मधल्या सुट्टीत पुन्हा खाली चौथीत, पुन्हा ओढाताण. माझ्या दंडांवर जिन्याच्या कठड्याचे वळ उठलेत. आणि वर्गात बसली तरी लक्ष दाराकडे. फ्रिजवरचे ते सगळे फोटो तिने काढले आणि पाठ बाहेरच्या बाजूला करून परत लावले. ओळ मात्र बिघडू दिली नाही.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. तुझ्याविना अडलं म्हणून तुला बरं वाटू नये, यासाठी लिहिलं. आता अडलंय ते अडलंय.

तू लोकांना आयुष्यभर सांगत आलीस, श्वास रोखून धरा. सोडायला कधी सांगायचं असतं ते इथल्यांना सांगायचं विसरलीस.

मोठी

ता.क. कॉट हलवायला दोन माणसं आली होती. टिटवी कॉटखाली जाऊन पडली आणि पाय धरून राहिली, कॉटचे. माणसं परत पाठवली.

२१ जून

बारके,

आज मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. तुझे भाऊजी, मी, सर, विशेष शिक्षिका आणि मध्ये टेबल. टेबलावर काचेखाली वेळापत्रक. मी सगळा वेळ त्या वेळापत्रकाकडेच बघत होते, कारण तोंडाकडे बघितलं असतं तर मी काय बोलले असते ते मलाच माहीत नाही.

मोठ्या बाई वाईट नाहीत. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. म्हणाल्या, “चौथीच्या पालकांच्या तक्रारी येतात. त्यांची मुलं घाबरतात. त्यांनाही मला उत्तर द्यावं लागतं.”

मी म्हटलं, “तिला चौथीतच अजून एक वर्ष बसवा.”

“आणि पुढच्या वर्षी पाचवीत न्यायचं तेव्हा? तेव्हा तरी ती चौथी सोडेल?”

मी टेबलाच्या काचेवर नखाने रेघ ओढत राहिले.

मग त्यांनी हळूच सांगितलं, हळू सांगितलेलंच जास्त लागतं. या महिन्याअखेरपर्यंत बघू. ती पाचवीत, स्वतःच्या पायाने जाऊन, तुमच्याशिवाय बसली तर उत्तम. नाहीतर तिचं नाव पटावर राहील, पण अभ्यास घरी. परीक्षेपुरती आणायची.

“घरी म्हणजे कोणाजवळ?” मी विचारलं.

“तुमच्याजवळच. आई म्हणून...”

बारके, घरी म्हणजे त्या दोन खोल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती आणि मी आणि फ्रिजवरचे उलटे फोटो. दुकान सोडावं लागेल, त्याचं नंतर बघता येईल. पण तिचं काय? तिसऱ्या बाकावरच्या पोरी तिला त्यांच्या रिबिनी मोजायला देतात. ती मोजते. एका पोरीने तिचं ‘टिट् टिट्’ उचललंय, दोघी एकमेकींना हाका मारल्यासारखं करतात. घरी तिला कोण हाक मारणार? मी? मी तर हल्ली ओरडतेच. एकदा घरी बसलेलं मूल परत शाळेत जात नाही, हे मी बघितलंय. आपल्याच गल्लीत बघितलंय, तूही बघितलंयस. तो मुलगा आता खिडकीत बसून रस्ता बघतो, त्याला मिशी फुटली तरी.

बाहेर आल्यावर विशेष शिक्षिका म्हणाल्या, “एक चूक झाली आपली. तालीम दिली ती रिकाम्या शाळेची. तिला वाटलं, शाळा म्हणजे ती, तुम्ही आणि शांतता. आता आवाज सहन होत नाही, म्हणून ओळखीच्या जागी पळते.”

मला ते पटलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. इतकी मरमर करून मी तिला नसलेली शाळा शिकवली! लगेच बाजारात जाऊन कान झाकायचे ते मोठे हेडफोन आणले. आवडले तिला. ते घालून, छान शांतपणे, ती चौथीच्या वर्गात गेली.

तुझे भाऊजी रात्री जेवताना म्हणाले, “टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात.” मी म्हटलं, आधी मला आटवते आहे. मग दोघंही हसलो आणि मग मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मोठी

२५ जून

बारके,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. राग नंतर पुरा करू. माझा संपलेला नाही आणि तुझाही नसेल.

आज मधल्या सुट्टीत चौथीच्या वर्गाच्या दारात मी टिटवीला धरून उभी होते. ओढायची ताकद नव्हती म्हणून नुसती धरून. चौथीच्या बाई बाहेर आल्या. तिसरीलाही तिला त्याच होत्या. खडूचे हात पदराला पुसत म्हणाल्या, “मावशी दिसत नाहीत हल्ली.”

“गावाला गेलीय नोकरीला.”

“तरीच. यंदा शेवटच्या दिवशी आल्या नाहीत. तिसरीच्या वेळी तर सगळी मुलं गेल्यावर दोघी वर्गात किती वेळ होत्या. मी चष्मा विसरले म्हणून परत आले, तर ही फळ्यावर हात ठेवून उभी आणि मावशी मागे. मला वाटलं काही हरवलंय, शोधतायत. विचारलं तर मावशी म्हणाल्या, नाही बाई, संपवतोय.”

संपवतोय. म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नाही. पण मी टिटवीकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात लखकन काहीतरी झालं.

बारके, ती त्या बाकावर बसत नाही. इतक्या दिवसांत एकदाही बसलेली नाही! आम्ही सगळे समजत होतो की तिला तिची जागा हवी आहे. तिला जागा नकोच आहे. ती फक्त हात ठेवते. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तो हात उचलतं. तो सुळा पडका, नाहीतर बाई, नाहीतर मी. सगळ्यांत जास्त मीच.

तू दरवर्षी उशीर करायचीस म्हणून मी तुला बोलायचे. जेवण गार व्हायचं, मी भांडी आपटायचे, तू नुसती हसून हात धुवायला जायचीस. एकदाही सांगितलं नाहीस, की बाई गं, आम्ही तिथे काहीतरी करतो, दर वर्षी करतो, आणि ते महत्त्वाचं आहे. सांगितलं असतंस तर मी टर उडवली असती, हेही खरं. पण करून तर घेतलं असतं! मी उन्हाळाभर पाचवी तिच्या अंगी लावत बसले आणि इकडे चौथी उघडीच राहिली. टीप मारून झाली की शेवटी दोन टाके उलटे घ्यावे लागतात, नाहीतर सगळी शिवण सुटत येते. वीस वर्षं हेच काम करतेय मी.

काय करायचात तुम्ही त्या वर्गात? नेमकं सांग. कुठून सुरुवात, काय म्हणायचं, कोणी म्हणायचं. तिच्या बाबतीत नेमकं म्हणजे नेमकं, तुला माहीत आहे.

महिना संपत आलाय.

मोठी

३ जुलै

प्रिय बारके,

पत्र पोचल्या दिवशीच फोन केलास. मी दुकानात होते, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, म्हणून मला ओरडता आलं नाही, आणि तूही रडली नाहीस. दोन बहिणींना धड बोलायला टाचण्या लागतात म्हणायच्या!

तू सांगितलंस ते मी कोणालाही सांगितलेलं नाही, सरांनासुद्धा नाही, फक्त ‘अर्धा तास वर्ग द्या’ एवढंच म्हटलं. एक्स-रे काढून झाला तरी माणूस श्वास धरून तसाच पडून राहतो, मशीन बंद झाल्याचं त्याला खरं वाटत नाही, बाहेर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘झालं’ म्हणावं लागतं. त्यावरून तुला बालवाडीच्या शेवटच्या दिवशी ते सुचलं, म्हणालीस. हे तू मला आधी कधी का नाही सांगितलंस, हे भांडण मी राखून ठेवते आहे.

जूनच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, शाळा सुटल्यावर गेलो. तू म्हणालीस वर्ग रिकामा हवा. तेवढं काही जमलं नाही. तो सुळा पडका मागे रेंगाळला होता. त्याची पाण्याची बाटली सापडत नव्हती म्हणे, ती त्याच्या गळ्यातच होती. टिटवी बाकापाशी आली आणि तो हातपाय पसरून बसला.

“माझ्या बाकाला ही रोज हात का लावते?”

मी म्हटलं, “आधी तिचा होता. आता तुझा आहे, हे तिला त्याला सांगायचंय.”

“कोणाला?”

“बाकाला.”

त्याने बाकाकडे बघितलं, टिटवीकडे बघितलं, माझ्याकडे तर असं बघितलं, जणू वेड मलाच लागलंय. मग बाजूला सरकला आणि म्हणाला, “सांग मग. पटकन सांग, माझी रिक्षा जाईल.”

बारके, तिने हात ठेवला. कोणी उचलला नाही. पूर्ण तळवा, बोटं पसरून. मी मागे उभी, तू सांगितलंस तशी, एक शब्दही न बोलता. हात इतका वेळ तिथे होता की मला वाटलं आता काही होत नाही, तू काहीतरी सांगायची विसरलीस. मग ती म्हणाली, “बाक झालं.”

मग खिडकीचा गज. “गज झालं.” दप्तराची खुंटी झालं. फळा झालं, आणि तळवा खडूने पांढरा झाला तो तिने बघितला, पुसला नाही. कपाट झालं. बाहेर पाण्याचा नळ, तो तिने आधी सोडला, मग बंद केला, मग झालं. चौथीच्या बाई दारात उभ्या होत्या. तिने त्यांचा हात उलटा करून त्यावर आपला तळवा ठेवला. “बाई झालं.” बाईंनी दुसऱ्या हाताने चष्मा काढला. पोराची रिक्षा केव्हाच गेली होती, ते त्याच्याही लक्षात नव्हतं. शेवटी उंबऱ्यावर उभी राहून तिने चौकटीला हात लावला आणि वर्गाकडे तोंड करून म्हणाली, “चौथी झालं.”

त्या पोराला आम्ही पावाच्या व्हॅनमधून घरी सोडलं. वाटेत त्याने एकदा ‘टिट् टिट्’ करून बघितलं. तिने दुरुस्त करून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घट्ट बांधून, ओढाताणीच्या तयारीने गेटपाशी. ती आत गेली. चौथीच्या दारावरून गेली. मान वळवली नाही. जिना चढली, एकेक पायरी, कठड्याला हात न लावता. मी मागोमाग, पर्समध्ये माझी पेन्सिलसुद्धा होती, कारण मला कुठे माहीत होतं. पाचवीच्या दारात ती थांबली. वळली. आणि माझ्या पोटावर तिने तळवा ठेवला.

मला वाटलं भूक लागली. विचारणारच होते.

“आई झालं,” ती म्हणाली आणि आत गेली.

तिसरा बाक. दप्तर खाली, डबा उजवीकडे, बाटली डावीकडे. सगळं जसं शिकवलं तसं. शेजारची पोरगी सरकली, माझी जागा तिने घेतली. सर माझ्याकडे बघून नुसतेच खाली वाकले आणि दार लोटून घेतलं.

मी जिन्यात बसून रडले. खोटं का सांगू, आनंदाने नाही रडले. आनंद नंतर आला, दुकानात पोचल्यावर. आधी आलं ते हे, की मी बाकाच्या आणि नळाच्या ओळीत गेले. तिला दार ओलांडता यावं म्हणून मी उन्हाळाभर राबले, आणि तिने दार ओलांडलं तेव्हा मला ते सोसेना. त्या दिवशी मी एका पॅन्टीचा एक पाय दुसऱ्याला शिवला. मालकांनी ती दुकानभर फिरवून दाखवली.

दुपारी घ्यायला गेले तेव्हा पळत आली आणि माझ्या हातात दप्तर कोंबलं, रोजच्यासारखं. म्हणजे मी शाळेपुरतीच झाले. घरी अजून चालू आहे. मोठ्या बाईंनी सांगितलं, आता घरच्या अभ्यासाचं काढू नका, तीन दिवस ती आपली आपण बसते आहे.

आता तुझं.

फोनच्या शेवटी तू जे बोललीस ते मी ऐकलं, पण टाचण्यांमुळे उत्तर दिलं नाही. म्हणालीस, दरवर्षी तिला ‘झालं’ म्हणायला मीच शिकवलं, आणि त्या पहाटे तिच्या उशाशी उभी राहिले तर माझ्याच तोंडातून तो शब्द निघेना, म्हणून पळाले. मी जागी होते, बारके. तू उशाशी किती वेळ उभी होतीस ते मी बघत होते. मला वाटलं उठून तुला धरावं. मग वाटलं, जायचं तर जा. आणि पडून राहिले.

काल संध्याकाळी मी ठरवलं, हेही उरकून टाकू. ती आता शिकली आहे, सोपं जाईल. कॉट हलेल, मशीन उजेडात येईल, मी दारातल्या अंधारात डोळे फोडायची थांबेन. तिला तुझ्या कॉटपाशी नेलं. चादर तीच आहे, तिने धुवू दिलेली नाही. मी तिचा हात धरून म्हटलं, “ठेव. म्हण, मावशी...”

तिने हात ओढून घेतला. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

“मावशी नाही,” ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, मावशी गेली. तिने मान हलवली. “मावशी नाही झालं.” आणि तशीच उभी राहिली, हात पाठीशी, कॉटकडे तोंड करून.

मी ओढले नाहीत ते हात. एवढं शिकले या महिन्यात. कॉट राहू दे. मशीन राहील दारात, मला सवय आहे.

पण तुला यावं लागेल. राहायला नाही, नोकरी सोडून नाही, तसलं काही मी मागत नाही. दोन दिवस ये. सगळे जागे असताना, दिवसाउजेडी, चपला पायात घालून. मग पुन्हा जायचं असेल तेव्हा तिच्यासमोर उभी राहा आणि तिला तुझ्यावर हात ठेवू दे, नाहीतर ठेवू नको म्हण. दोन्हींतलं जे खरं असेल ते. पण आधी ये.

तोवर ती हात पाठीशी धरून उभी राहणार. आणि बारके, तिच्या मागे मीही.

तुझी,
मोठी